जंत मेल्यावर अंग का तापतं?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मागच्या आठवड्यात जंतांवर अख्खं पान आलं होतं. चित्रं छान होती, हात धुवा नखं कापा अनवाणी फिरू नका वगैरे सगळं बरोबरच होतं, पण मधे दोन वाक्यं अशी होती की ती वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि सरळ पत्र लिहायला बसले. एक वाक्य, जंतांच्या औषधानंतर ताप किंवा खाज आली तर ते औषध तुम्हाला सोसत नाही असं समजा आणि थांबवा. दुसरं, इम्युनिटी स्ट्राँग असेल तर जंत होतच नाहीत म्हणून इम्युनिटी वाढवा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण दोन्ही वाक्यं जशी आहेत तशी चुकीची आहेत आणि पहिल्या वाक्यानं तर एखाद्याचं नुकसान होऊ शकतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, आता रिटायर झालेय. डॉक्टर पेशंट बघतात, आम्ही फक्त त्याचं रक्त बघतो, पण रक्त खूप काही बोलतं हो.

स्लाइडवर रक्ताचा थेंब पसरायचा, लिशमन स्टेन टाकायचा (हा रंग बनवणारा विल्यम लिशमन आणि १९०३ मध्ये काळ्या आजाराचा परजीवी जगासमोर आणणारा लिशमन एकच माणूस, हे मला नोकरीत दहा वर्षं झाल्यावर कळलं), आणि मग ऑइल इमर्शनखाली (मायक्रोस्कोपचं सगळ्यात मोठं दाखवणारं भिंग) शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, हातातल्या काउंटरची टकटक चालू. त्या शंभरात इओसिनोफिल म्हणून एक जात असते, ती एरवी एक ते सहा दिसते. ओळखायला सोपी, केंद्रक चष्म्यासारखं दोन भागांचं आणि आत नारिंगी मणी खच्चून भरलेले. पॉल एरलिखनं १८७९ मध्ये या पेशी इओसिन रंगानं रंगतात म्हणून हे नाव दिलं. तर एकदा एका बाईंची स्लाइड आली, चिठ्ठीवर लिहिलेलं की रात्री खोकला, दम्याची औषधं चालू, फरक नाही. मी मोजायला लागले तर दर दुसरी पेशी नारिंगी, मला वाटलं स्टेनच बिघडला, दुसरी स्लाइड केली तर तेच, शंभरात अठ्ठेचाळीस. नंतर कळलं तो दमा नव्हताच, हत्तीरोगाच्या जंतांच्या पिल्लांवर फुप्फुसात शरीराची भयंकर ओव्हररिअ‍ॅक्शन चालली होती, ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया म्हणतात त्याला. गंमत म्हणजे अशा पेशंटच्या रक्तात ती पिल्लं बहुतेक वेळा सापडतच नाहीत, कारण शरीर त्यांना दिसता क्षणी धरून फुप्फुसात मारत असतं. आणि मारण्याच्या त्या धुमाकुळातच माणूस खोकून खोकून बेजार.

आता दुसरी स्लाइड सांगते. त्या जंतांची पिल्लं रात्रीच रक्तात येतात म्हणून रात्री दहानंतर रक्त घ्यायला जावं लागायचं, तशा एका सर्व्हेमधल्या तरुण मुलाच्या थेंबात पिल्लं अशी वळवळत होती की मोजता येईना. मुलगा ठणठणीत, ना ताप ना सूज ना खोकला. म्हणजे बघा, जिच्या शरीरानं जोरात लढा दिला ती आजारी आणि ज्याच्या शरीरानं जंतांशी जुळवून घेतलं तो मजेत, आणि डासांमार्फत दुसऱ्यांना आजार देणारा हा मजेतला माणूसच. मग इम्युनिटी कोणाची स्ट्राँग म्हणायची? म्हणून मला ते इम्युनिटी वाढवा वाक्य वाचलं की डोक्यात जातं, अहो वाढवा म्हणजे नक्की काय वाढवा?

मूळ भानगड साइजची आहे. बॅक्टेरिया असला तर पांढरी पेशी त्याला गिळून टाकते, विषय संपला. पण हत्तीरोगाची मादी चांगली आठ-दहा सेंटिमीटर लांब असते, दोऱ्यासारखी बारीक पण लांब, तिला कोण गिळणार, मुंगीनं अजगर गिळायचा म्हटलं तर कसं जमणार. म्हणून शरीरानं जंतांसाठी वेगळीच तऱ्हा काढलीय. आयजीई नावाची अँटीबॉडी (जपानी जोडपं किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी १९६६ मध्ये शोधली) मास्ट पेशींवर (कातडीत, आतड्यात पहाऱ्यावर असलेल्या पेशी) जाऊन बसते, जंताचा अंश लागला की मास्ट पेशी फुटून हिस्टामिन सोडतात, इओसिनोफिल जंताच्या अंगाला चिकटून आपले नारिंगी मणी त्याच्यावर ओततात, त्या मण्यांत विषारी प्रोटीन असतं ज्यानं लहान अळ्यांची कातडी जळते. ओळखीचं वाटतंय ना? हिस्टामिन, खाज, शिंका, अंगावर पित्त उठणं. अ‍ॅलर्जीत आपण जिला शिव्या देतो तीच ही सगळी यंत्रणा, अनेक शास्त्रज्ञांना वाटतं की ती मुळात जंतांसाठीच घडली असावी.

आणि आतड्यातले जंत असले तर शरीर मारायच्या फंदात फारसं पडतच नाही, हाकलायचं बघतं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट सेल म्हणून पेशी असतात, डोक्यावर झुपका असलेल्या, त्या दिसत होत्या कित्येक दशकं पण करतात काय कोणाला ठाऊक नव्हतं, २०१६ मध्ये उंदरांवरच्या कामातून कळलं की जंत आल्याची पहिली बोंब याच मारतात. त्यांची हाक ऐकून शेजारच्या पेशी आयएल-१३ नावाचं रसायन सोडतात, मग अस्तर बुळबुळीत चिकट पदार्थ भरभरून सोडतं, पाणी सुटतं, आतडं जोरात हलतं, आणि जंताला धरून राहायला जागाच उरत नाही. एवढं असूनही जगात दीडशे कोटींच्या आसपास माणसांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, म्हणजे जंतही काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. ते आपल्या शरीराला गप्प बसवणारी रसायनं सोडतात, आपल्याच ब्रेक मारणाऱ्या टी-पेशींना (या पण पांढऱ्या पेशीच) कामाला लावतात. शिस्टोसोमा नावाचा रक्तात राहणारा चपटा कृमी तर आपल्याच शरीराचे अंश स्वतःच्या अंगावर चिकटवून घेतो आणि शिरेत वर्षानुवर्षं घरचाच माणूस असल्यासारखा राहतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की औषध दिल्यावर काय होतं ते त्याशिवाय कळत नाही. जिवंत जंत शांत असतो, शरीरालाही शांत ठेवतो, औषधानं तो मेला की ती शांतता संपली. त्याचं अंग फुटतं, आतलं सगळं एकदम रक्तात येतं आणि इतकी वर्षं झोपलेली यंत्रणा खडबडून उठते. १९४८ मध्ये मेक्सिकोत लुईस माझोट्टी या डॉक्टरनं नदीकाठच्या अंधत्वाच्या, म्हणजे ऑन्कोसर्कायसिसच्या (हाही जंतांचाच आजार) पेशंटना डीईसी, म्हणजे हत्तीरोगावर देतात ती गोळी दिली तर काही तासांत प्रचंड खाज, पुरळ, ताप, डोळे लाल. आजही त्याला माझोट्टी रिअ‍ॅक्शनच म्हणतात. पूर्वी तर निदानासाठी मुद्दाम छोटा डोस देऊन बघायचे, खाज सुटली की जंत आहेत! त्या आजारात डोळ्यातही पिल्लं असतात आणि ती मेल्यावर डोळ्याला इजा होते म्हणून तिथे डीईसी मागे पडली आणि सौम्य पडणारं आयव्हरमेक्टिन आलं, ज्याच्यासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं.

हत्तीरोगाच्या मोहिमेत गावात सगळ्यांनाच गोळ्या देतात, त्यानंतरही हेच होतं. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कधी पुरुषांना अंडकोषात गाठ लागते जिथे मोठा जंत मेलेला असतो, दोन-चार दिवसांत बहुतेकांचं उतरतं. रक्तात पिल्लं जितकी जास्त तितका त्रास जास्त, आणि ज्याच्या अंगात जंतच नाहीत त्याला सहसा काही होतच नाही. पण लोक उलटा अर्थ लावतात, मला ताप आला म्हणजे गोळी खराब, शेजाऱ्याला काही झालं नाही म्हणजे त्याला चांगल्या बॅचची मिळाली. यात अजून एक पात्र आहे ते मला फार आवडतं. या जंतांच्या पेशींत वोलबाकिया नावाचे बॅक्टेरिया राहतात, जंताला त्यांच्यावाचून पिल्लं घालता येत नाहीत की नीट जगता येत नाही, आणि जंत फुटला की हे बॅक्टेरिया बाहेर पडतात, तापाचं बरंचसं खापर त्यांच्यावर फुटतं. म्हणून मोठ्या माणसांत डॉक्टर कधीकधी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चार ते सहा आठवडे देतात, जंताला हातच लावत नाहीत, त्याचे भाडेकरू मारतात, आणि मग जंत सावकाश, गाजावाजा न करता मरतो.

आता घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ, एकदम धडधाकट, एके दिवशी ऑफिसात फिट येऊन पडला. स्कॅनमध्ये मेंदूत दोन गाठी, फीतकृमीच्या अळीच्या. ही फीतकृमीची अंडी दुसऱ्या कोणाच्या तरी विष्ठेतून, न धुतलेल्या हातातून किंवा पाण्यातून तोंडात जातात आणि अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन बसतात, त्यामुळे तू काय खाल्लं होतंस वगैरे चौकशीला काही अर्थ नसतो (ती सगळ्या नातेवाइकांनी केलीच). डॉक्टरांनी स्कॅन दाखवून सांगितलं की या गाठी बऱ्याच वर्षांपासून असतील, जिवंत होत्या तोवर मेंदूला पत्ता नव्हता, आता एक मरायला लागलीय, तिच्याभोवती सूज आलीय म्हणून फिट आली. पहिले फिटची गोळी सुरू केली, मग डोळे तपासायला पाठवलं, आम्हाला कळेना डोळ्यांचा काय संबंध, तर कारण हे की डोळ्यातही अशी अळी असली आणि औषधानं मेली तर त्या सुजेनं दृष्टी जाऊ शकते. डोळे क्लिअर निघाले, मग इम्युनिटी आणि सूज दाबणारं स्टेरॉइड सुरू केलं आणि त्यानंतरच अल्बेंडाझोल. पोटातल्या जंतांना ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात तेच औषध, पण इथे वजनावर डोस आणि कित्येक दिवस रोज.

तिसऱ्या रात्री त्याचं डोकं असं धरलं की डोळे उघडेना, उलटी झाली. मला फोन केला, "ताई, जंताचं राहू दे, हे औषधच मला मारतंय, मी उद्यापासून बंद करतो." आईनं मागून फोन घेतला आणि ती पण तेच म्हणायला लागली, की पोराला आधी एवढा त्रास नव्हता. मला सगळं माहीत होतं, मी हेच सगळं जन्मभर काचेवर बघितलेलं, पण स्वतःच्या भावाचा आवाज ऐकल्यावर माझे पण हातपाय गळाले आणि एक मिनिट मी पण म्हणणार होते की बंद कर. रात्रीच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले मनानं काही बंद करू नका, लगेच घेऊन या, तपासून स्टेरॉइडचा डोस वाढवला, एक दिवस ठेवून घेतलं, आणि दोन दिवसांत डोकं उतरलं. कोर्स पूर्ण झाला. सहा महिन्यांनी स्कॅनमध्ये एक गाठ गायब आणि दुसऱ्या जागी पांढरा खडूसारखा ठिपका, कॅल्शियम साचलेला. त्या ठिपक्यामुळे फिटची गोळी अजून काही काळ चालूच आहे. आता सांगा, त्या रात्री त्याच्या हातात तुमची पुरवणी असती तर?

म्हणजे साइड इफेक्टकडे दुर्लक्ष करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. श्वास लागला, तोंड ओठ सुजले, शुद्ध हरपायला लागली, डोळ्यांना कमी दिसायला लागलं तर तिथल्या तिथे दवाखाना गाठायचा, त्यात चर्चा नाही. खरी अ‍ॅलर्जी औषधाचीही असू शकते. म्हणून तर औषध चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला माणूस लागतो, वाक्य नाही. कधीकधी औषध मुळात द्यायचंच नसतं. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा डोळ्यातून सरपटणारा जंत असतो, रक्तात त्याची पिल्लं फार असतील आणि आयव्हरमेक्टिन दिलं तर माणूस कोमात जाऊ शकतो. कॅमेरूनमध्ये त्यावर मोबाइल फोनला जोडलेला छोटा मायक्रोस्कोप वापरला, गावातच बोटाचं रक्त घेऊन फोनच पिल्लं मोजणार, मिलिलिटरमागे २०,००० च्या वर असतील तर त्या माणसाला गोळी नाही. असे शंभरात साधारण दोनच निघाले, बाकीच्यांना निर्धास्त औषध देता आलं. आमच्यासारख्या डोळे फोडून मोजणाऱ्यांना हे वाचून आनंद झाला आणि थोडी जळजळ पण.

आणि स्टेरॉइडनं माझ्या भावाला वाचवलं म्हणून स्टेरॉइड सगळीकडे चालतं असंही नाही, उलट. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक बारीक जंत आहे, तो बाहेर न पडताच आतल्या आत पुन्हा पुन्हा लागण करत राहतो, दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडे युद्धकैदी असलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या पोटात तो पुढे कित्येक दशकांनी सापडला. शरीर त्याला दाबून ठेवतं, मारत नाही. अशा माणसाला दुसऱ्याच कुठल्या आजारासाठी स्टेरॉइड दिलं की दाब सुटतो आणि अळ्या फुप्फुसात, मेंदूत, सगळीकडे, वेळेत ओळखलं नाही तर माणूस जातो. कोविडमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं तेव्हा जाणकार डॉक्टर याचीच आठवण करून देत होते. म्हणजे एका जंतात इम्युनिटी दाबली म्हणून माणूस वाचतो आणि दुसऱ्यात तीच दाबली म्हणून मरतो. काय वाढवायचं आणि काय कमी करायचं, पुरवणीवाल्यांनी सांगावं.

औषध एकटं काम करत नाही हेही लोकांना माहीत नसतं. त्या शिस्टोसोमावरच्या प्राझिक्वांटेल औषधाचंच बघा, ते त्याच्या कातडीला फाडतं, आतलं उघडं पडतं आणि मग अँटीबॉडी तिथे धरतात. ज्या उंदरांत अँटीबॉडी तयारच होत नाहीत त्यांच्यात हे औषध नीट चालत नाही असं १९८० च्या दशकातच दिसलं होतं. आणि एकदा मेलेले जंत शरीराला बघायला मिळाले की शिकवणी पण होते. केनियात किसुमूला व्हिक्टोरिया सरोवरात उभं राहून गाड्या धुणारी माणसं आहेत, रोज त्या पाण्यात म्हणजे रोज लागण, त्यांना पुन्हा पुन्हा औषध देत गेले तर त्यातल्या काहींना हळूहळू पुन्हा लागणच कमी व्हायला लागली. वर्षानुवर्षं जिवंत जंतानं जे शिकू दिलं नाही ते मेलेल्यानं शिकवलं.

रिपोर्टचं थोडक्यात सांगते कारण काउंटरवर याच्यावरून फार भांडणं ऐकलीत. जंतांचं औषध घेऊन आठ दिवसांत इओसिनोफिल पुन्हा मोजले तर कधीकधी आधीपेक्षा जास्त येतात, ते लॅबचं चुकलं म्हणून नाही, मेलेल्या जंतांमुळे, उतरायला काही आठवडे ते महिने लागतात. मलेरियाची झटपट किट टेस्ट औषधानंतर पण काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, कारण ती परजीवीचं प्रोटीन पकडते, जिवंत की मेलेला ते तिला कळत नाही, तिथे स्लाइडच बघावी लागते. अँटीबॉडीच्या टेस्ट तर वर्षभर किंवा त्याहून जास्तही पॉझिटिव्ह राहू शकतात. शौचाची तपासणी दोन-तीन आठवडे थांबून केलेली बरी. आणि गंभीर मलेरियात आर्टेसुनेटची इंजेक्शनं घेऊन बरा झालेला माणूस एक-दोन आठवड्यांनी पुन्हा फिका पडला, लघवी गडद झाली, तर लगेच दाखवायचं. प्लीहा (स्प्लीन) लाल पेशीतून औषधानं मेलेला परजीवी काट्यानं काढावा तसा उपटून काढते आणि पेशी परत सोडून देते, पण त्या डागडुजी केलेल्या पेशी फार टिकत नाहीत आणि मग एकदम फुटायला लागतात, म्हणून हिमोग्लोबिन महिनाभर तपासत राहायला सांगतात. हे डिस्चार्जच्या कागदावर असतं, कोणी वाचत नाही.

पत्र लांबलं, तुम्ही कापणार हे माहितीये, कापा. पण पुढच्या पुरवणीत कोपऱ्यात का होईना एवढं छापा की जंतांच्या औषधानंतर ताप, खाज, डोकेदुखी झाली तर मनानं कोर्स सोडू नका, ज्यांनी औषध दिलं त्यांना त्याच दिवशी कळवा. आणि ते इम्युनिटीचं वाक्य दुरुस्त करता येत नसेल तर नुसतं काढून टाका.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन